पंप फुल स्पीड!

नाशिककरांनी थंडीचा तोरा मिरवावा तो डिसेंबरात. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि माझ्या रूमवर एसी नाही. एडिटिंगचे पैसे मशीन चाललं तरच, म्हणून प्रोसेसरला लिक्विड कूलर घेतला. आता वायरी! रेडिएटरचे दोन्ही फॅन स्प्लिटरने मदरबोर्डवरच्या ‘सीपीयू फॅन’च्या 4 पिनांवर, ती जागा रिकामी दिसली की बरेच बोर्ड सुरू होतानाच कुरकुरतात. हे फॅन तापमान बघून कमी-जास्त फिरू देत. पंप मात्र ‘एआयओ पंप’वर, बायोसमध्ये कायम फुल स्पीड. एक फॅन गेला तरी निभावतं हो, पण पंप थांबला की पाणी जागच्या जागी तापतं, प्रोसेसर मंदावतो, मग मशीनच बंद. त्यामुळे रेंडर लावलं की माझा एक डोळा पंपाच्या आरपीएमवर!