मीठ कुणाचं खाल्लं?

रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी भाचा घरी आला. शीरखुर्म्याची वाटी हातात घेतली, पण तोंडाला लावण्याआधी खिडकीशी नेली, उजेडात धरली, चमचा दोनदा फिरवला आणि मोबाइलवर शूटिंग केलं. तोवर शीरखुर्मा गार झाला. मग म्हणाला, "खाला, मी शाळा सोडतोय. आता फिरायचं, खायचं आणि तेच लोकांना दाखवायचं. पूर्ण वेळ."

माझी धाकटी बहीण माझ्याकडे बघत होती. मी शिक्षिका, मी त्याला समजावीन ही तिची अपेक्षा. मुलगा बी.एड. आहे, एका विनाअनुदानित शाळेत चार वर्षं शिकवतोय. हातात पडतो तो पगार चारचौघांत सांगण्याजोगा नाही, आणि तोही वेळेवर नाही. मीसुद्धा तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली आहेत. त्यामुळे "नोकरी सोडू नकोस" हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघेना.

वर्गात सांगते तसंच त्याला सांगितलं, "आधी हिशेब मांड."

त्याने मांडला. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायचा तर १००० सबस्क्रायबर हवेत आणि वर्षभरात लोकांनी तुमचे व्हिडिओ ४००० तास पाहिलेले हवेत. त्यानंतर लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के हिस्सा आपला. सबस्क्रायबर झाले होते, तास अजून निम्मेही नव्हते. पेट्रोल, एसटीचं भाडं, लॉजचं भाडं, माइक, इंटरनेट हा खर्च मात्र आजचा. खर्च रोख आणि कमाई उधार, असा हा धंदा.

"मग तोवर?"

"तोवर हॉटेलवाले आहेत ना. जेवण फुकट, वर थोडे पैसेही देतात."

या धंद्यात सगळ्यात लवकर येणारा पैसा हाच. आणि माझं अडलं ते इथेच.

त्याला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी त्याच्यासोबत मीही जुन्या शहरातल्या एका दुकानात नान-खलिया खायला गेले होते. हे आमच्या औरंगाबादचं, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराचं, जुनं जेवण. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या फौजेसाठी मोठमोठ्या देगांमध्ये हे शिजायचं, असं इथले जुने लोक सांगतात. मालकाने कॅमेरा पाहून आम्हाला आत बसवलं, स्वतःच्या हाताने वाढलं, पैसे घेतले नाहीत. नान मऊ, गरम, अगदी छान होता. खलिया मात्र त्या दिवशी बिघडला होता. रस्सा पातळ, गोश्त चिवट. भाच्याने दुसरी बोटी ताटातच सोडली. पण व्हिडिओत डोळे मिटून म्हणाला, "जबरदस्त! असा खलिया कुठेच नाही."

घरी येताना मी टोकलं. तो म्हणाला, "खाला, खाण्याला नावं ठेवू नयेत, हे तुम्हीच तर शिकवलंत."

खरंच शिकवलं होतं. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी कधी कुठल्या खाण्यात खोट काढली नाही. आवडलं तर खाल्लं, नाही तर बाजूला ठेवलं. आमच्या घरात मीठ कमी पडलं तरी दस्तरखानावर कुणी बोलत नाही, ते यामुळेच. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर दिलं माझ्या शाळेतल्या एका बाईंनी. त्यांनी तो व्हिडिओ पाहिला आणि गावाहून आलेल्या पाहुण्यांना तिथेच घेऊन गेल्या. सहा माणसं, महिन्याची अखेर. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या भाच्याला तसं मिळालं नसेल हो, आम्हाला मिळालं तसं." त्या भल्या, म्हणून असं म्हणाल्या. मी मान खाली घालून वह्या तपासत राहिले. कारण मला माहीत होतं, त्यालाही तसंच मिळालं होतं.

मग मला दुसरी हदीस आठवली. बाजारात धान्याच्या एका ढिगात हुजूरनी हात घातला, तर वरचं धान्य कोरडं आणि आतलं ओलं. ओलं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं. फसवणारा आमच्यातला नाही, हे त्यांनी तेव्हाच बजावलं. दस्तरखानावरचा पाहुणा गप्प बसला तर तो अदब. पण जो आपली जीभ विकून घर चालवणार, तो पाहुणा उरत नाही. तो बाजारात उभा आहे आणि त्याचा शब्द हाच त्याचा माल आहे.

मराठीत आपण म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावं. उर्दूत नमकहलाल म्हणतात. भाच्याची पंचाईत ही, की मीठ कुणाचं? जेवण दुकानदाराने घातलं, पण व्हिडिओ बघून खिशात हात घालतो तो बघणारा.

ही पंचाईत जुनीच आहे. इब्न बतूता १३२५ मध्ये तंजावरहून नव्हे, मोरोक्कोच्या तँजिअरहून निघाला (वर्गात मुलं हमखास घोटाळा करतात) आणि जवळजवळ तीस वर्षं फिरला. हिंदुस्तानातली खिचडी, आंब्याचं लोणचं, फणस, सगळं त्याने नोंदवलं. खर्च कसा भागायचा? सुलतानांच्या देणग्यांवर आणि नोकऱ्यांवर. मुहम्मद तुघलकाने त्याला दिल्लीचा काझी केलं, त्याचं कर्जही फेडलं. त्याच इब्न बतूताने तुघलकाच्या उदारपणासोबत त्याचा क्रूरपणाही लिहून ठेवला. पण कधी? मोरोक्कोला परतल्यावर, सुलतानाचं ताट हजारो मैल मागे राहिल्यावर.

आपल्या काळातलंही उदाहरण आहे. बँकॉकमध्ये राहणारा मार्क वीन्स हा आज या क्षेत्रातलं मोठं नाव. त्याने २००९ मध्ये ब्लॉग सुरू केला आणि सुरुवातीच्या काळात थायलंडमध्ये इंग्रजी शिकवलं. पुढे थाई जेवणावरचं ई-पुस्तक लिहून वाचकांना विकलं. म्हणजे हाही आधी मास्तरच! मी भाच्याला म्हटलं, हे बघ, पैसा वाचणाऱ्याकडून आला की जीभ मोकळी राहते.

त्या दिवशी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. शाळा लगेच सोडायची नाही, सहा महिन्यांचा खर्च आधी गाठीला बांधायचा. जिथे शूटिंग करायचं तिथे बिल द्यायचं. आणि कुणी पैसे दिलेच, तर ती जाहिरात आहे हे व्हिडिओवर स्पष्ट लिहायचं. जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून तसा नियमच केलाय, फुकट मिळालेल्या वस्तूलाही तो लागू आहे. बहिणीला हे फारसं पटलं नाही. तिला 'सोडणार नाही' एवढं एकच वाक्य हवं होतं.

भाचा पुन्हा त्याच दुकानात गेला, या वेळी पैसे देऊन. मालकाला वाईट वाटलं, घरच्या मुलाने पाकीट काढावं तसं. खलिया बरा होता, पण पहिल्यासारखा नाही. त्याने व्हिडिओत तेवढंच सांगितलं. नानचं मनापासून कौतुक केलं आणि मागच्या वेळी मी खरं बोललो नव्हतो, हेही कबूल केलं. पाहणारे नेहमीपेक्षा कमीच निघाले. मालक आता सलामाला नुसती मान हलवतो.

भाच्याला ते लागलंय. परवा म्हणाला, "खाला, खरं बोलून एक माणूस गेला." मी काय सांगणार? रिज्क देणारा अल्लाह आहे, एवढंच म्हटलं. ती व्हिडिओची लिंक मात्र मी माझ्या शाळेतल्या त्या बाईंना पाठवली आहे.