अंदाजाचा आकडा

जुम्याच्या दिवशी सूरह कहफ वाचायची आमच्या घरची पद्धत. कहफ म्हणजे गुहा. लहानपणी अब्बा वाचून झाल्यावर आम्हा भावंडांना त्या तरुणांची गोष्ट सांगत. आपलं ईमान वाचवण्यासाठी ते गुहेत शिरले आणि शेकडो वर्षं झोपून राहिले. सोबत त्यांचा कुत्राही होता. एकदा मी विचारलं, “अब्बा, वो कितने लोगां थे?” अब्बा म्हणाले, कुणी तीन म्हणतं, कुणी पाच, कुणी सात. खरा आकडा अल्लाहला ठाऊक. जे पाहिलं नाही त्यावर अंदाजाने वाद घालू नये, एवढंच आपल्याला सांगितलं आहे.

मला ते उत्तर अर्धवट वाटलं होतं. गोष्ट एवढी सविस्तर सांगायची आणि माणसांचा आकडाच नाही!

अब्बा भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक होते. बार्शी तालुक्यातली कितीतरी शिवारं त्यांनी साखळी ओढत मोजली. ३३ फुटांची साखळी, १६ आणे. ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. हे गणित मी पाढ्यांच्या आधी शिकलो. मोजणीला शाळेच्या सुट्टीत मी सोबत जायचो. साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस आकडा ओरडायचा आणि अब्बा टिपणावर लिहायचे. वाऱ्यात आवाज नीट आला नाही, तर ते पेन्सिल थांबवून पुन्हा विचारत. समोरचा वैतागला तरी विचारत. मला म्हणत, “नै सुना तो फिर पूछ. अंदाजे से मत लिख. कागद पे गया तो अंदाजा नै रहता, हद बन जाता.”

मीही पुढे मोजणीच्याच धंद्यात आलो. सिव्हिल इंजिनियर झालो आणि रस्त्याच्या एका कामासाठी वर्षभर शिलाँगला राहिलो. तिथं गुहा मोजणाऱ्या काही हौशी मंडळींची ओळख झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पूर्व जैंतिया हिल्स जिल्ह्यात त्यांच्यासोबत आठ दिवस गेलो.

आपल्याकडे गुहा म्हटलं की लेणी आठवतात. अजिंठा, वेरूळ, माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली. आपला दगड काळा बेसाल्ट, तो पाण्यात विरघळत नाही. मेघालयाच्या दक्षिण अंगाला मात्र चुनखडीचा पट्टा आहे आणि वरून जगातला सर्वांत जास्त पाऊस. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि चुनखडीच्या भेगांत मुरत दगड विरघळवत जातं. हजारो-लाखो वर्षांत भेगेची नळी होते, नळीचा बोगदा होतो. जमिनीवर वाहणारी नदी एखाद्या बिळात शिरते आणि डोंगराच्या पलीकडे बाहेर पडते. तिथल्या भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. क्रेम लियात प्राह आणि तिला जोडलेल्या गुहा मिळून ३० किलोमीटरहून लांब आहेत. १९९२ पासून शिलाँगचे आणि परदेशातले गुहाशोधक कोरड्या हंगामात इथं येऊन मोजणी करत आले आहेत. आजवर ४०० किलोमीटरहून जास्त बोगदे कागदावर आले आहेत.

मोजणीची रीत ऐकून मला हसू आलं. अब्बांचीच रीत होती. एका पॉइंटपासून पुढच्या पॉइंटपर्यंत टेप ताणायची. लांबी, होकायंत्रावरची दिशा आणि चढ-उताराचा कोन असे तीन आकडे घ्यायचे. मग त्या जागी डावी-उजवी भिंत, छत आणि तळ किती दूर, ते लिहायचं आणि आकृती काढायची. मग पुढचा पॉइंट. शक्य तिथं पुढच्या टोकावरून उलटं वाचनही घ्यायचं. दोन्ही दिशांत १८० अंशांचा फरक आला तर वाचन बरोबर. कोरड्या भागात हे सगळं लेझरचं छोटं यंत्र करतं आणि आकडे साठवूनही ठेवतं. पाण्यात मात्र जुनीच टेप, जुनंच होकायंत्र आणि पाण्यात न विरघळणाऱ्या कागदाची वही.

आमच्या तुकडीत तिघं होतो. पुढे होत्या शिलाँगच्या एक खासी शिक्षिका. तिथं थोरल्या बाईला आदराने ‘कॉंग’ म्हणतात, मीही तेच म्हणायचो. त्या मला ‘भाई’ म्हणत. वीस वर्षं गुहांत फिरलेल्या. मधे गावातला एक प्नार तरुण टेपचं टोक धरायला. मागे वही घेऊन मी. गुहेचं आणि गावाचं नाव इथं लिहीत नाही. तिथली जमीन गावाची आणि कुळांची असते, आत जायला त्यांची परवानगी लागते, आणि परवानगी देताना त्यांनी घातलेली ती अट होती.

पहिले दोन दिवस गुडघाभर पाण्यात गेले. तिसऱ्या दिवशी नदीचा बोगदा बुटका होत गेला. पाणी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, मग पाय टेकेनात. अंगात लाइफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट आणि दिवा. छत इतकं खाली आलं की पाणी आणि दगड यांच्यात वीतभर हवा उरली. तोंड वर करून, नाक छताला घासत पुढे सरकायचं. छताच्या खाचेत बांबूची सुकलेली पानं अडकलेली दिसली. ती तिथं कशी आली हे समजायला मला जरा वेळ लागला. पावसाळ्यात हा बोगदा छतापर्यंत भरून वाहतो. बाहेर अवेळी जोराचा पाऊस झाला, तर फेब्रुवारीतही भरू शकतो.

मी मनातल्या मनात आयतुल कुर्सी म्हणत होतो. पलीकडून कॉंगनी आकडे ओरडले. लांबी ऐकू आली, १४.२ मीटर. दिशा सांगताना पाणी छताला आपटून घुमलं. “टू... फोर.” मधला आकडा गेला.

नियम असा की वही धरणाऱ्याने प्रत्येक आकडा परत म्हणायचा. ऐकला नसेल तर पुन्हा विचारायचा. माझे दात वाजत होते. पुन्हा विचारलं असतं तर त्यांना पुन्हा नेम धरावा लागला असता आणि मला आणखी दोन-तीन मिनिटं त्या वीतभर हवेत थांबावं लागलं असतं. आधीची दिशा २१० होती. मी २१४ लिहिलं आणि “ओके” ओरडलो. उलटं वाचन आम्ही त्या जागी घेतलंच नाही, सगळेच गारठले होते.

पुढे बोगद्याला दोन फाटे फुटले. एक कोरडा, वरच्या बाजूने वळत आधीच्याच वाटेला येऊन मिळणारा. दुसरा नदीचा, जो वीसेक मीटरवर संपला. म्हणजे नदी संपली नव्हती. छत पाण्यात बुडालं होतं आणि नदी खालून पुढे जात होती. आमच्याकडे पाण्याखाली पोहण्याची साधनं नव्हती. कॉंगनी थोडा वेळ त्या काळ्या पाण्याकडे दिवा धरला आणि म्हणाल्या, “बस. इथं थांबू.” कोरड्या वाटेने मोजत आम्ही परत पहिल्या पॉइंटवर येऊन वेढा पूर्ण केला. बाहेर आलो तेव्हा अस्रची वेळ टळत आली होती. मी वजू केला. कॉंगनी काही न बोलता होकायंत्र माझ्या हातात दिलं, दिशा पाहून घ्यायला.

रात्री मुक्कामी लॅपटॉपवर आकडे भरले. ३१२ मीटरचा वेढा जिथून सुरू झाला तिथंच येऊन मिळायला हवा होता. नकाशावर तो जवळजवळ दहा मीटर दूर जाऊन थांबला.

कॉंगनी दोनदा आकडे तपासले. मग म्हणाल्या, “माझीच चूक असेल. दिव्याची बॅटरी होकायंत्राजवळ गेली असेल, सुई हलली असेल.”

मी गप्प बसलो. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

मी विचारलं, ही फट अशीच बुजवता येते का? त्या म्हणाल्या, येते. कॉम्प्युटरला सांगितलं की तो चूक वेढ्याच्या सगळ्या पॉइंट्सवर थोडी थोडी वाटून टाकतो, रेषा जुळतात, नकाशा छान दिसतो. “पण मग चूक एकाच जागी राहत नाही, भाई. एक खोटा आकडा सांभाळायला बरोबर मोजलेली सगळी गुहा जरा जरा वाकते.” थोडं थांबून म्हणाल्या, “उद्या पूर्ण वेढा पुन्हा मोजू. दोन-तीन तास पाण्यात जातील.” बाहेर ढग भरून आले होते. त्या मुलाने आकाशाकडे पाहिलं, पण बोलला नाही.

माझ्या डोळ्यांसमोर ती छतातली बांबूची पानं आली. माझी लाज वाचवण्यासाठी ही दोन माणसं उद्या तीन तास त्या पाण्यात उभी राहणार होती. मी वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं. इथला मधला आकडा मी ऐकलाच नव्हता, स्वतःच्या मनाने लिहिला.

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, “तर मग एकच टप्पा मोजायचा. वीस मिनिटांचं काम.” आणि चहा ओतला. त्यांचं ते न रागावणं मला जास्त लागलं.

सकाळी आकाश निवळेपर्यंत आम्ही थांबलो. मग आत जाऊन तो एक टप्पा दोन्ही बाजूंनी मोजला. दिशा २५४ आली. मी मोठ्याने परत म्हटली, दोनदा. चाळीस अंशांचा फरक. रात्री वेढा मीटरभराच्या आत जुळला.

नदीच्या बोगद्याच्या टोकाला, जिथं छत पाण्यात बुडालं होतं, तिथं कॉंगनी नकाशावर छोटं प्रश्नचिन्ह काढलं. मी म्हटलं, नदी डोंगरापलीकडे निघते ते गाव आपल्याला माहीत आहे, तुटक रेषेने जोडून टाकू या. त्या म्हणाल्या, “तिथं आपण गेलो नाही.”

परतीच्या वाटेवर त्यांनी क्सानचा विषय काढला. त्याच जिल्ह्यात १३ डिसेंबर २०१८ ला कोळशाच्या एका बेकायदा खाणीत पाणी घुसलं आणि १५ मजूर आत अडकले. खोल विहिरीसारखा खड्डा आणि त्यातून आडवी गेलेली, माणूस जेमतेम सरपटेल एवढी बिळं. अशा खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्येच बंदी घातली होती. अडकलेल्यांत स्थानिक होते, आसामचे होते आणि गारो हिल्सच्या सखल भागातून पोटासाठी आलेले मुस्लिम मजूरही होते. नौदलाचे पाणबुडे आले, पंप आले, महिन्यांमागून महिने गेले. बाहेर निघाले ते फक्त दोन मृतदेह. आत बिळं किती, कुठं वळतात, कुठल्या जुन्या खाणीला भिडतात, याचा नकाशाच नव्हता. ज्यांनी ती बिळं खोदली, त्यांनाच त्यांचा पत्ता होता आणि ते आत होते.

कॉंग म्हणाल्या, “लोक विचारतात, या अंधाराचा नकाशा कुणाच्या कामाचा? कधीतरी कुणी त्यावर भरवसा ठेवून आत जाईल, एवढंच मला माहीत आहे.” आज त्या भागात चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने वाढले आहेत. खाणीच्या खाली गुहा आहे, तिच्यातून गावाचं पाणी वाहतं, हे गावाने सांगायचं तर कागद लागतो. त्या कागदातली एक रेघ जरी खोटी निघाली, तरी समोरचा सगळा कागदच फेकून देतो.

मे महिन्यात घरी आलो असतो, पण टाळेबंदीमुळे ईद तिकडेच झाली. बार्शीला पोहोचलो तेव्हा नकाशाची छापील प्रत सोबत नेली होती. अब्बांची नजर आता अधू झाली आहे. त्यांनी कागद खिडकीपाशी नेला आणि जुन्या सवयीने एकेक पॉइंट बोटाने चाचपत नदीच्या टोकापर्यंत आले. मी त्यांना २१४ ची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. बोट प्रश्नचिन्हावर थांबलं होतं.

“ये क्या है?”

“आगे पानी भरेला था अब्बा. हम नै गए.”

अब्बांनी मान हलवली. कागदाची नीट घडी घातली आणि आपल्या जुन्या टिपणांच्या गठ्ठ्यात ठेवून दिली.