देव्हाऱ्यातली कवडी

ज्या मुलुखात आषाढातला मेघही पुष्कळदा नुसती चाहूल देऊन बालाघाटाच्या माथ्यावरून निघून जातो, त्या धाराशिव जिल्ह्यात माझे बालपण गेले. आणि तरीही समुद्राची एक खूण आमच्या देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, हे उमगायला मला मालवण गाठावे लागले. आमची आजी तुळजाभवानीची आराधीण. मंगळवारी आणि शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातावर परडी घेऊन ती पाच घरी जोगवा मागे. निजामाच्या अमलात जन्मलेल्या त्या माउलीने समुद्र कधी पाहिला नव्हता. कवडी तिच्या लेखी देवीची. ती कोणा जीवाचे घर असेल, हे तिच्याही मनात आले नाही आणि माझ्याही.

मालवणच्या धक्क्यावरून माघातल्या एका सकाळी होडी निघाली. समोर कुरटे बेटावर, भवानी ज्यांची कुलस्वामिनी त्या शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्याचा पाया घातला, तो सिंधुदुर्ग. चोहोंकडे खारट पाणी असता त्याच्या पोटात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे झरे असावेत, याचे अप्रूप आम्हा दुष्काळी मुलुखातल्या माणसांना जितके, तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. किल्ल्याभोवतीचा हा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. नांगर सोडण्यापूर्वी होडीवाला वाकून तळाशी वाळूच आहे ना, हे निरखून पाहत होता. कारण ज्याला आपण प्रवाळाचा खडक म्हणतो तो सूक्ष्म जीवांनी कणाकणाने रचलेला चुना, आणि वर्षानुवर्षांची ती रचना लोखंडाच्या एका आघाताने मोडते. त्या जीवांच्या देहात वस्तीला असलेली शैवले त्यांना अन्न आणि रंग देतात. पाणी फार तापले की शैवले निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. हा पांढरेपणा मृत्यूच्या उंबरठ्यावरचा, हे ऐकून मन कळवळले.

ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकातील एका डबक्यापाशी होडीवाल्याने मला थांबवले. पाण्यात एक कवडी होती, पण मला ती ओळखता आली नाही. तिच्या दोन्ही कडांनी वर चढलेल्या मऊ, ठिपकेदार कातडीने सबंध पाठ झाकली होती. ते आवरण शंखावर बहुतेक वेळ लपेटलेले असते, म्हणूनच कवडीला ती काचेसारखी तकाकी. मी हात पुढे केला.

“हात लावू नकात, जिती आसा ती,” तो म्हणाला.

आम्ही ओणवे होऊन पुष्कळ वेळ पाहत राहिलो. एके काळी मालदीवच्या प्रवाळद्वीपांतून गलबते भरभरून कवड्या हिंदुस्थानात येत आणि बाजारात चलन म्हणून फिरत. ‘कवडीमोल’ हा शब्द त्या व्यवहाराचा अवशेष. त्या हिशेबात जीव कोणी धरला नव्हता.

घरी परतल्यावर आजीची माळ खाली काढली. दोऱ्यालगत बोट फिरवले, तेव्हा प्रत्येक कवडीच्या पाठीवर लागले ते ओवण्यासाठी घासून पाडलेले भोक. त्या डबक्यात तो जीव जी पाठ आपल्या कातडीने झाकून बसला होता, तीच.