सुगी, पण चित्रातली

न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून लाँग आयलंडची गाडी धरली की स्टोनी ब्रुक गाठायला दोनेक तास लागतात. शेतं दिसतील म्हणून खिडकीची जागा पकडली. दिसली ती घरं, दुकानं आणि मोटारींचे तळ. शेत आता इथल्या लाँग आयलंड म्युझियममध्ये, भिंतीवर.

स्टोनी ब्रुक-सेटॉकेट हा चित्रकार विल्यम सिडनी माउंटचा (1807-1868) मुलूख. त्याचं ‘फार्मर्स नूनिंग’ (1836) हे चित्र तसं लहानच. भर दुपार, काम थांबलेलं. एकजण विळ्याला धार लावतोय. पुढे गवताच्या ढिगावर एक कृष्णवर्णीय मजूर उताणा झोपलाय आणि एक खोडकर पोर काडीने त्याच्या कानाला गुदगुल्या करतंय. बाकीचे झाडाच्या सावलीत, हा मात्र उन्हात. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी 1827 मध्ये संपली होती, म्हणजे हा गडी स्वतंत्र. आळशी कृष्णवर्णीयाची ठरीव टिंगल इथे आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. पण माउंटने सगळ्यात जीव ओतून रंगवलंय ते त्याचंच अंग. पोराच्या स्कॉटिश टोपीत काही अभ्यासकांना गुलामगिरीविरोधकांवरचा टोमणा दिसतो.

याच 1836 मध्ये बोस्टनला शेत रंगवणारा दुसरा चित्रकार, विन्स्लो होमर, जन्मला. त्याच्यासाठी परत मॅनहॅटनला, मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये.

‘द व्हेटरन इन अ न्यू फील्ड’ (1865). अमेरिकेच्या यादवी युद्धावरून परतलेला शिपाई पाठमोरा गहू कापतोय. उजव्या कोपऱ्यात त्याचं उतरवून ठेवलेलं जाकीट. चेहरा दिसतच नाही. मॅककॉर्मिकच्या कापणीयंत्राला पेटंट मिळून तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. हाताने कापणारेही लांब दांड्याच्या विळ्याला लाकडी दांते लावत, म्हणजे कापलेला गहू नीट एका बाजूला पडे. होमरने आधी तसेच दांते रंगवले, मग पुसून साधं पातं ठेवलं. जवळ जाऊन पाहिलं की जुन्या रंगाखालून ते अजून पुसट डोकावतात. नुसतं पातं म्हटलं की तिकडे हातात असंच पातं घेतलेला यमदूत आठवतो, आणि लिंकनची हत्या त्याच वर्षी एप्रिलमधली.

या युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा मुंबईचे व्यापारी गब्बर झाले होते. 1865 मध्ये ते संपलं आणि इकडे शेअरबाजार कोसळला. पुढे 1876 मध्ये होमरने कापूस वेचणाऱ्या दोन कृष्णवर्णीय तरुणी रंगवल्या. ते चित्र सध्या लॉस एंजेलिसला आहे. पण आधी ते विकत घेतलं होतं इंग्लंडमधल्या एका कापूस-व्यावसायिकाने.