कानांनी ओळखायचा पक्षी

नाशिकच्या माळावर अंधार पडला की रातवे बोलू लागतात. दिसायला सगळे सारखेच, वाळक्या पाचोळ्याच्या रंगाचे. तेव्हा मंडळी, कॅमेरा राहू द्या, आधी कान लावा!

टणक जमिनीवर टाकलेला चेंडू उड्या मारत थांबावा तसं 'चक-चक-चक-चकर्रर्र' आलं, की भारतीय रातवा. हा लहानखुरा, आखूड शेपटीचा. एका लयीत 'चकू-चकू-चकू' चाललंय? मग जंगली रातवा. उडता उडता 'च्वीप' करतो तो माळावरचा रातवा. त्यातल्या नराची शेपटीची कडेची पिसं पांढरी.

गंमत बघा, आपल्या मुलखाचं नाव मिळालं ते चौथ्यालाच. साईक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३२ साली त्याला 'माहरट्टेन्सिस' म्हटलं. पण त्याची वीण होते वायव्येकडच्या कोरड्या मुलखात!

रातवे रात्री डांबरी रस्त्यावर बसतात आणि गाडीखाली येतात. मेलेला रातवा ओळखणं सोपं, पिसं निवांत तपासता येतात. पण तशी ओळख नकोच. त्र्यंबक रोडने परतताना दिव्यात दोन लाल ठिपके चमकले, तर वेग कमी करा, काच खाली घ्या. कदाचित तो स्वतःच नाव सांगेल.