उरलेली तीन मिनिटं

अंबाजोगाईच्या बाजारात कॅसेट भरून देणारं एक छोटं दुकान होतं. साल 1990च्या आसपासचं. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहायची, धारूरकडच्या आमच्या गावातून एसटीनं जायचं, साठची कोरी कॅसेट दुकानदार काकांच्या हाती द्यायची आणि पुढच्या आठवड्यात घेऊन यायची. साठची, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. सहा-सात गाणी बसली की तीनेक मिनिटं उरायची. तिथं काका आपल्या पसंतीचं गाणं टाकायचे.

"फीत रिकामी कशाला फिरवायची, लेकरा?"

त्या उरलेल्या जागेत मला माणिक वर्मा पहिल्यांदा भेटल्या. पुढं पुढं तर मी यादीत मुद्दाम एक गाणं कमी लिहायला लागलो. बाजारात याहून स्वस्त भरून देणारेही होते. आम्ही दुकान बदललं नाही.

पैसे मोजून ऐकणं त्याआधीही होतंच. आजोबांच्या रेडिओला परवाना होता आणि त्याचं शुल्क दरवर्षी टपाल कार्यालयात भरावं लागे. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागली की अर्धी आळी ओट्यावर यायची. परवाना एकाचा, ऐकणारे वीस.

आता भाचा विचारतो, "मामा, तुम्ही स्पॉटिफायच का धरून बसलात?" प्रश्न रास्त आहे. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी 2019 मध्ये. गाना आणि सावन त्याच्या कितीतरी आधीपासून होते, यूट्यूब म्युझिकही त्याच वर्षी आलं. कोट्यवधी गाणी सगळीकडेच आहेत आणि बरीचशी तीच आहेत. मग माणूस टिकतो कशानं? माझ्यापुरतं सांगतो: यादीनं. इतक्या वर्षांत एकेक करून जमवलेली चारशे गाणी तिथं आहेत. दर सोमवारी ते माझ्यासाठी नवी यादी काढतं, आणि खरं सांगायचं तर त्यातली दोन-तीन गाणी काळजाला लागतात. काकांचीच जागा ती. फरक एवढाच, की काकांना मी कोणाचा नातू ते ठाऊक होतं.

दुसरा फरक मात्र मला टोचतो. आमच्याकडची माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पूर्वी निघण्याआधी मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून घ्यायची. कोप्यांच्या तळावर रेंज असो-नसो, उन्हाळ्यात परत येईपर्यंत गाणी वाजायची. ॲपमध्ये उतरवलेली गाणी तशी नसतात. महिन्यातून एकदा तरी इंटरनेट दाखवावं लागतं आणि वर्गणी थांबली की ती मिटतात. कॅसेटवाल्याचं दुकान उठलं तरी कॅसेट आपल्याच फडताळात राहायची.

आणि काही गाणी यादीत येतच नाहीत. आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. तिच्या ओव्या कोणी भरून ठेवल्या नाहीत. आमच्याच जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या मात्र 1996 मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या, त्यातल्याच या. आज त्या 'परी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या, संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. मी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा ओवीच्या शेवटचा तो लांबलेला सूर आला आणि मला आमच्या जात्याची घरघर ऐकू आली. कुठल्याही सोमवारच्या यादीनं हे मला दिलं नव्हतं.

2024 मध्ये रेसो हे गाण्यांचं ॲप बंद झालं, पाठोपाठ विंकही. ती बातमी वाचली त्या रविवारी मी दोनशे पानी वही घेतली आणि ॲपमधली यादी उतरवायला बसलो. गाणं, गायक, ओळीखाली ओळ. संध्याकाळपर्यंत एकशे बारा झाली. प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळी कोऱ्या सोडल्यात.