माहिती पुरेशी आहे का?

2013 च्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. दिल्लीतील एका परीक्षा केंद्रात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मी संगणकासमोर बसलो होतो. जीमॅटची परीक्षा नुकतीच संपली होती आणि पडद्यावर एक प्रश्न आला होता : तुमचे गुण नोंदवायचे की रद्द करायचे? त्या काळी हा निर्णय गुण पाहण्यापूर्वीच घ्यावा लागे. बारा वर्षांच्या नोकरीत न वाचलेल्या कागदावर मी कधी सही केली नव्हती. येथे मात्र दोन मिनिटांत करायची होती. मी 'नोंदवा'वर बोट ठेवले आणि आकडा उमटला : 590.

ज्यांना या परीक्षेची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, तेव्हा एकूण गुण 200 ते 800 या पट्टीवर मिळत. ज्या व्यवस्थापन संस्थांत मला जायचे होते, त्यांच्या विद्यार्थ्यांची सरासरी सातशेच्या आसपास असे. सायंकाळच्या शताब्दीने चंदीगडला परत निघालो. अंबाला येईपर्यंत घरी फोन करण्याचे धैर्य झाले नाही. शेवटी सौभाग्यवतींनीच फोन केला. आकडा ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, आधी घरी या. जेवून मग काय ते बघू."

माझी नेमणूक त्या वेळी चंदीगडमधील एका केंद्रीय लेखा कार्यालयात होती. या शहराशी मराठी माणसाचा संबंध तसा जुना आहे. 1958 ते 1962 या काळात काकासाहेब गाडगीळ पंजाबचे राज्यपाल म्हणून येथे होते. पंजाब विद्यापीठाच्या गांधी भवनासमोरच्या तळ्याकाठी रविवारी सकाळी बसले, की भोवती स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेतलेली तरुण मुले दिसत. 2012 मध्ये शेजारच्या मोहालीत इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे दुसरे संकुल सुरू झाले होते आणि अधिकाऱ्यांच्या गप्पांत व्यवस्थापन शिक्षणाचा विषय वरचेवर निघू लागला होता. केंद्र सरकारच्या 1972 च्या रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहेच. संपूर्ण सेवेत साधारणपणे 24 महिन्यांपर्यंत ही रजा मिळते आणि परतल्यावर किमान 3 वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. चाळिशी गाठण्यापूर्वी एकदा विद्यार्थी व्हावे, असे मनाने घेतले होते. शिवाय मुलगी तेव्हा सहावीत होती. तिची दहावी येण्यापूर्वी हे उरकणे भाग होते.

गुण कमी का पडले, याचा शोध मी सरकारी पद्धतीने घेतला. सरावाच्या वह्या काढून चुकांचे वर्गीकरण केले. भाषेच्या विभागात चुका होत्याच. सोलापूर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या माणसाला इंग्रजी वाक्यरचनेतील बारकावे चकवणारच. परंतु सर्वांत जास्त चुका एका वेगळ्याच ठिकाणी निघाल्या. या परीक्षेत 'माहितीची पर्याप्तता' तपासणारे प्रश्न असतात. त्यांत उत्तर काढायचे नसते. एक प्रश्न आणि दोन विधाने दिलेली असतात, आणि उत्तर काढण्यास पहिले विधान पुरेसे आहे, दुसरे पुरेसे आहे, प्रत्येक स्वतंत्रपणे पुरेसे आहे, दोन्ही मिळून पुरेशी आहेत, की दोन्ही मिळूनही अपुरी आहेत, एवढेच ठरवायचे असते.

एक साधे उदाहरण घ्या. एक पूर्णांक विषम आहे का? पहिले विधान : त्याचा वर्ग विषम आहे. दुसरे विधान : त्यात 3 मिळवले की सम संख्या येते. येथे प्रत्येक विधान एकटेच पुरेसे आहे. माझ्या वहीत मात्र अशा ठिकाणी पुनःपुन्हा 'दोन्ही मिळून' हे उत्तर दिसत होते. काही ठिकाणी तर 'अपुरी' असाच शेरा होता. गणित मला येत होते. परंतु एका कागदावर विश्वास ठेवायचा नाही, दुसरा जोडल्याशिवाय पुढे जायचे नाही, आणि दोन्ही असले तरी 'अधिक माहिती मागवावी' असे लिहून धारिका खाली पाठवायची, ही बारा वर्षांची सवय बोटांत उतरली होती. परीक्षेने माझे काय मोजले असेल ते असो, माझ्या कार्यालयाचे तिने अचूक मोजमाप केले होते.

हे उमगले, तरी त्याचा उपयोग कसा करावा हे त्या वर्षी सुचले नाही. अर्जात कमी गुणांचा खुलासा करण्यासाठी एक ऐच्छिक निबंध असे. त्यात मी दीड पान भरून मराठी माध्यम, कार्यालयाचा व्याप, आईचे आजारपण, सारे काही लिहिले. सगळे खरे होते. 2014 च्या आरंभी दोन्ही संस्थांकडून नकार आला, मुलाखतीला न बोलावता. आमचे एक वरिष्ठ अधिकारी होते, पंजाबी, निवृत्तीला आलेले. त्यांना तो निबंध दाखवला. चष्मा काढून ते हिंदीत जे म्हणाले त्याचा आशय असा : "हे कारणे दाखवा नोटिशीला दिलेले उत्तर वाटते. आपल्याकडे अशी उत्तरे येतात तेव्हा आपण काय करतो?"

आपण ती उत्तरे 'समाधानकारक नाही' असे लिहून ठेवून देतो. मला ते चांगलेच ठाऊक होते.

ऑगस्ट 2014 मध्ये मी पुन्हा परीक्षा दिली. तोपर्यंत नियम बदलून गुण पाहिल्यावर निर्णय घेण्याची सोय झाली होती. आकडा आला 610. वर्षभराच्या पहाटेच्या अभ्यासाची कमाई वीस गुण! त्या परीक्षेच्या एकूण गुणांत मोजमापाची प्रमाणित त्रुटीच 30 ते 40 गुणांची धरली जाते. म्हणजे माझी प्रगती झाली की नाही, हेही त्या आकड्यावरून छातीठोकपणे सांगता येत नव्हते. तिसऱ्यांदा बसायचे नाही, असे मी ठरवले.

त्याच उन्हाळ्यात केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील 'सीसॅट' या प्रश्नपत्रिकेविरुद्ध दिल्लीत विद्यार्थ्यांचे आंदोलन चालू होते. 2011 मध्ये आलेली ही प्रश्नपत्रिका ग्रामीण आणि भाषिक माध्यमांतील मुलांना मागे टाकते, असा त्यांचा आक्षेप होता. 2015 पासून ती 33 टक्क्यांची केवळ पात्रता परीक्षा झाली. माझी सहानुभूती कोणाकडे होती हे सांगायला नकोच. तरीही परीक्षाच नको, असे मला कधी वाटले नाही. 1854 मध्ये मेकॉलेच्या समितीने सनदी सेवेसाठी खुल्या स्पर्धा परीक्षेची शिफारस केली, ती वशिल्याने होणाऱ्या नेमणुकांना पर्याय म्हणून. परीक्षेला आडनाव दिसत नाही, मामा कोण हे कळत नाही. मी स्वतः निवड समितीवर बसलो आहे. काही पदांसाठी शेकडो अर्ज आले की आम्हीही टंकलेखनाच्या गतीची रेषा आखतो आणि खालचे अर्ज बाजूला ठेवतो. त्यांत एखादा उत्तम कर्मचारी गेला असेल, हे जाणूनही. ही रेषा सोयीची असते, आणि बऱ्याच अंशी न्याय्यही. फक्त ती आखणाऱ्याने तिला सत्य मानू नये.

दुसऱ्या वर्षीचा ऐच्छिक निबंध सहा ओळींचा झाला. पहिल्या ओळीत दोन्ही प्रयत्नांचे गुण लिहिले. मग वहीतील शोध सांगितला आणि त्यानंतर कार्यालयात काय केले ते. निवृत्तिवेतनाची जी प्रकरणे आमच्याकडून त्रुटी काढून परत जात, त्यांतील बऱ्याच त्रुटी अशा निघाल्या की मागितलेली माहिती प्रकरणातच दुसऱ्या कागदावर होती. मी एक साधा नियम केला : त्रुटी काढणाऱ्याने प्रथम लिहावे, की ही माहिती नसल्यास कोणता निर्णय अडतो? ज्याला हे लिहिता येणार नाही, त्याने प्रकरण पुढे पाठवावे. निबंधात आजारपण नव्हते, माध्यम नव्हते.

एका संस्थेने पुन्हा नकार दिला. दुसरीने मुलाखतीला बोलावले. तेथे अपेक्षित प्रश्न आलाच : "या गुणांवर आमचा अभ्यासक्रम तुम्हाला झेपेल असे कशावरून मानावे?" मी म्हणालो, "खात्री देता येणार नाही. संख्याशास्त्र मला जड जाईल. परंतु निर्णयासाठी किती माहिती पुरते, हे शिकायलाच मी येत आहे." समितीतील एक प्राध्यापक हसले. प्रवेश मिळाला, रजा मंजूर झाली.

येथे गोष्ट संपवली तर ती खोटी ठरेल. पहिल्या सत्रात संख्याशास्त्रात मी काठावर उत्तीर्ण झालो. माझ्याहून बारा वर्षांनी लहान मुलगा मला रात्री शिकवीत असे. परीक्षेने दिलेला इशारा चुकीचा नव्हता. वर्गात सार्वजनिक वित्ताचा विषय निघे तेव्हा मात्र तीच मुले माझ्याकडे वळून पाहत. तेवढे त्या आकड्यात नव्हते.

आता परीक्षेचे रूप पालटले आहे. नोव्हेंबर 2023 पासून आलेल्या नव्या आवृत्तीत 45 मिनिटांचे तीन विभाग आहेत, गुणांची पट्टी 205 ते 805 अशी आहे, आणि प्रत्येक विभागात तीन उत्तरे बदलण्याची मुभा आहे. माहितीच्या पर्याप्ततेचे प्रश्न मात्र टिकून आहेत. कमी गुण घेऊन विचारायला येणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मी तीन गोष्टी सांगतो. एकदा पुन्हा परीक्षा द्या, कारण पहिल्या खेपेत घाबरणेही मोजले जाते. गुण लपवू नका आणि त्यांची वकिलीही करू नका. आणि जे काम तुम्ही खरोखर केले आहे, ते आकड्याशेजारी नीट मांडा.

एवढे सांगून झाले की मी समोरच्या धारिकेकडे वळतो. अजूनही 'अधिक माहिती मागवावी' असे लिहिण्याची हुक्की येते. तेव्हा लेखणी थांबवून मी स्वतःला विचारतो, की कोणता निर्णय अडला आहे? पुष्कळदा उत्तर सापडत नाही. मग सही करतो. धारिकेच्या दुसऱ्या टोकाला बहुधा कोणीतरी निवृत्तिवेतनाची वाट पाहत असते.